बायकांसाठी हलकंसं काहीतरी

आमच्या केंटकीच्या डोंगरांत बंदुकीच्या दुकानात बाई शिरली की काउंटरमागचा माणूस एकदम मायाळू होतो. तिला काय हवंय हे तो विचारत नाही. खाली वाकतो, काचेखालून सगळ्यात छोटं, सगळ्यात हलकं रिव्हॉल्व्हर काढतो आणि म्हणतो, "हे बघा, पर्समध्ये आहे की नाही हे कळणारसुद्धा नाही!" मग त्याच हातानं मागच्या फळीवरून सगळ्यात जबर काडतुसांचा डबा उतरवतो. का? तर बाईमाणूस, अंगात जोर कमी, म्हणून गोळीत जोर जास्त हवा. या न्यायानं अशक्त माणसाला घोड्यावर बसवायचं झालं तर तबेल्यातलं सगळ्यात द्वाड शिंगरू बघून द्यायला हवं.

हे मी इतक्या रागानं सांगतोय, कारण हा प्रसाद आमच्या चर्चनं मिस ओलीटाला दिला. तोही जेवणाच्या पंगतीत, टाळ्यांच्या गजरात, गुलाबी फीत बांधून.

ओलीटा स्कॅग्ज सत्तरी ओलांडलेली. नवरा जाऊन दहा-बारा वर्षं झाली, पण आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला शेवटपर्यंत 'मिस'च म्हणतात. आयुष्यभर तिनं शाळेची बस चालवली. ज्या वळणांवर पाहुण्यांच्या गाड्या थांबून उलट्या फिरतात, त्या वळणांवर ती एका हातानं चाक फिरवायची आणि दुसऱ्या हाताचं बोट आरशात दाखवून मागच्या बाकावरच्या पोरांना गप्प करायची. आज गावात चाळिशीच्या आतला एकही माणूस असा नाही ज्याला तिनं कधी ना कधी "खाली बस!" म्हटलेलं नाही. बँकेचा मॅनेजरसुद्धा ती आत आली की आपोआप ताठ बसतो.

तिला मूल नव्हतं. निवृत्त झाल्यावर तिनं चर्चच्या तळघरातली खुर्ची धरली. वर प्रवचन चालू असताना खाली एका खोलीत तान्ही आणि रांगती मुलं ठेवतात. त्या खोलीच्या दाराबाहेर एक लोखंडी घडीची खुर्ची, खुर्चीत मिस ओलीटा, मांडीवर तपकिरी पर्स, पर्समध्ये पेपरमिंटच्या गोळ्या, रुमाल आणि नवऱ्यानं, म्हणजे डेन्झिलनं, दिलेलं पाच गोळ्यांचं आखूड नळीचं पोलादी रिव्हॉल्व्हर. प्रवचन तिला भिंतीवरच्या कर्ण्यातून ऐकू यायचं. आवडलं नाही तर ती कर्ण्याकडे बघून "हं!" करायची. आतली पोरं रडायला लागली की बसल्या जागेवरून दाराला पाय लावून ते किलकिलं करायची आणि म्हणायची, "कोण रडतंय रे?" आणि जे कोण असेल ते थांबायचं.

मागे एका रविवारी एक बाप पिऊन आला. कोर्टानं त्याला मुलीजवळ जायला बंदी केली होती. तो जिना उतरून आला तेव्हा मी नेमका खाली होतो, पार्किंग सांभाळणाऱ्यांचं नारंगी जाकीट घालून आणि गळ्यात शिट्टी अडकवून. शिट्टी वाजवायचंही मला सुचलं नाही. मिस ओलीटानं उजवा हात पर्समध्ये घातला आणि डाव्या हातानं समोरची रिकामी खुर्ची दाखवली.

"कोडी, खाली बस."

"मला माझी मुलगी पाहिजे."

"ती झोपलीय. तुझ्या तोंडाला वास येतोय. तू तिसरीत होतास तेव्हा माझ्या बसमध्ये ओकला होतास आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. आजही सांगणार नाही. बस खाली, मी तुझ्या आईला बोलावते."

तो बसला. रडला. आई येऊन घेऊन गेली. तेव्हापासून आमच्या गावच्या आयांना मुलांच्या खोलीबद्दल काही विचारायचंच उरलं नाही. खुर्चीत ओलीटा आहे ना? मग झालं.

आता ब्रदर केंडल. केंडल प्रेटर विम्याचा धंदा करतो. माणूस वाईट नाही, पण त्याच्या विजारीला जितके खिसे आहेत तितक्या गोष्टी त्या खिशांत ठेवायला त्याच्याकडे नाहीत. चर्चच्या सुरक्षा पथकाचा तो प्रमुख झाला आणि पथकाचं रूपच पालटलं. आधी पथक म्हणजे आम्ही पाच-सहा जण, मागच्या बाकावर पेंगणारे. आता कानात यंत्रं आली, सांकेतिक नावं आली. पास्टर एस्टिल म्हणजे 'मेंढपाळ', मी 'फाटक'. मिस ओलीटाला त्यानं 'घार' असं नाव दिलं, तर तिनं कानातलं यंत्र काढून त्याच्या हातात ठेवलं. "मला हाक मारायची तर जिना उतरून ये. गुडघे तरुण आहेत तुझे."

त्यातून निघाला नवा नियम: पथकातल्या प्रत्येकानं आपल्या रोजच्या हत्यारानं, त्यात रोज भरलेल्या काडतुसांनीच, सगळ्यांसमोर नेमबाजी करून दाखवायची. जो चुकेल त्यानं जागा सोडायची. नियम खरं तर बरोबर होता. राग यावा असं त्यात काही नव्हतं. राग यावा असं पुढे झालं.

केंडलला काळजी वाटली, की मिस ओलीटाचं जुनं रिव्हॉल्व्हर या परीक्षेत टिकणार नाही. "चाळीस वर्षांचं डबडं आहे ते. गोळ्या बसतात ते चाक खिळखिळं झालं असेल. जोरकस काडतूस घातलं तर हातात फुटेल." त्यानं मायेपोटी वर्गणी काढली. सगळ्यांनी मायेपोटी दिली, मीही दिली. आणि घेवड्याच्या उकडलेल्या शेंगा, हॅम आणि केळ्याचं पुडिंग झाल्यावर केंडलनं ती फीत बांधलेली डबी तिच्यासमोर ठेवली.

आत नवंकोरं रिव्हॉल्व्हर. कुठल्याशा मिश्रधातूचं. हातात घेतलं तर खेळण्यासारखं, पिसासारखं. सोबत मॅग्नम काडतुसं, रानडुक्कर लोळवतील अशी.

मिस ओलीटानं ते तळव्यावर तोललं. "यात मधे काही भरायचं राहिलंय का?"

"नाही, नाही! हीच तर गंमत आहे," केंडल म्हणाला. "खास बायकांसाठी, हलकं. तुमचा खांदासुद्धा दुखणार नाही."

"माझा खांदा तीस वर्षं बसचं चाक फिरवून दुखला नाही, तो पर्सनं दुखेल?"

सगळे हसले. ती नाही हसली. पण पंगतीत दिलेली भेट परत करायची रीत आमच्याकडे नाही. भोपळ्याची भाजी नको असली तरी पानात घेतात, तशी तिनं ती घेतली.

शनिवारी सकाळी आम्ही होबर्ट ल्यूकरच्या कुरणात जमलो. होबर्ट म्हणजे निवृत्त डेप्युटी शेरीफ. कुरणाच्या टोकाला टेकडीचा मातीचा उभा कडा आहे, त्याच्यासमोर काठ्या रोवून होबर्टनं पंगतीतल्या उरलेल्या कागदी ताटल्या लावल्या. ओसरीच्या लांबीइतकं अंतर. केंडलच्या बायकोनं, चार्लानं, मोटारीच्या मागच्या फळीवर बिस्किटांचा, म्हणजे आमच्याकडच्या मऊ गरम पावांचा, डबा आणि ग्रेव्हीचं पातेलं मांडलं होतं. पहिला मान मिस ओलीटाला दिला, तोही मायेपोटीच.

तिनं पाय रोवले, नवं रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांत धरलं आणि चाप ओढला.

आवाज असा झाला की कुरणापलीकडच्या गायी मान वर करून बघायला लागल्या. नळीतून हातभर जाळ निघाला. मिस ओलीटाचा चष्मा एका कानावर लोंबकळायला लागला, हत्यार आकाशाकडे बघत होतं आणि अंगठ्याच्या बेचक्यातून रक्त येत होतं. ताटली जशीच्या तशी.

यात आश्चर्य ते काय? गोळी जितक्या जोरानं पुढे जाते, तितक्याच जोरानं हत्यार मागे येतं. पोलादी असेल तर त्याचं वजन तो धक्का पिऊन टाकतं. पिसासारखं असेल तर सगळा धक्का तुमच्या हाडांना. हे बैलाला लाथ मारलेल्या कुणालाही कळतं. फक्त दुकानदाराला कळत नाही.

"सवय होते," केंडल म्हणाला.

"दात काढायचीही होते," ती म्हणाली आणि पुन्हा चाप ओढला. पुन्हा जाळ, पुन्हा आकाश. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा चाप हललाच नाही. तिनं दोन बोटांनी ओढून पाहिला. चाकच फिरेना.

होबर्टनं नळी कड्याकडेच ठेवून हत्यार तिच्या हातातून घेतलं, बाजूला गेला आणि बराच वेळ खटपट करून चाक बाहेर काढलं. मग आम्हाला दाखवलं. उरलेल्या दोन काडतुसांपैकी एकातली शिशाची गोळी पितळी नळकांड्यातून अर्धी बाहेर आली होती. हत्यार प्रत्येक बाराला इतक्या जोरानं मागे उसळत होतं, की काडतुसं मागे जात होती आणि गोळ्या जागच्या जागी राहात होत्या. शेवटी एक पुढे आली आणि चाकाला पाचरीसारखी अडकली.

"म्हणजे," मिस ओलीटा हळू आवाजात म्हणाली, "कुणी आलं असतं तर मी तीन वेळा आकाश फोडलं असतं आणि मग हे त्याला फेकून मारलं असतं. तेही लागलं नसतं. हलकं आहे ना!"

केंडल लाल झाला. ती मात्र खुलली होती. रुमालानं हात बांधला, पर्स उघडली आणि डेन्झिलचं रिव्हॉल्व्हर काढलं. ते पोलाद इतकं चकचकीत होतं की त्यात टेकडी दिसत होती. "आता बघा."

खट्.

आम्ही थांबलो. "नळी कड्याकडेच राहू द्या, कधी कधी उशिरानं उडतं," होबर्ट म्हणाला. ती थांबली. मग पुन्हा खट्. मग एक बार झाला, ताटलीच्या बरोब्बर मधोमध भोक पडलं आणि मला हायसं वाटलं. मग खट्. आणि खट्.

 

होबर्टनं न उडालेली काडतुसं हातावर घेतली. नखानं घासली, वास घेतला. "मिस ओलीटा, यांना तेल लावता?"

"दर शनिवारी. रिव्हॉल्व्हर पुसते, मग त्याच फडक्यानं तीही पुसते. गंजू नयेत म्हणून."

"सराव करता ना तुम्ही?"

"करते की. घरामागे. पण ती साधी, स्वस्तातली काडतुसं. ही चांगली आहेत, डेन्झिलनं आणलेली. सराव झाला की हीच परत भरून ठेवते." तिला एकदम त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी कळलं. "चांगली काडतुसं सरावात कोण उडवतं, होबर्ट?"

खरंच कोण उडवतं? आमच्याकडे लग्नातल्या चांगल्या बश्या कपाटात राहतात आणि माणसं फुटक्या बशीत जेवून मरतात. डेन्झिल गेला तेव्हापासून तिनं ती पाच काडतुसं जपली, पुसली, तेलानं न्हाऊ घातली. ते तेल हळूहळू काडतुसांच्या मागच्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीतून आत झिरपलं आणि दारू विझली.

"मिस ओलीटा," केंडल म्हणाला. त्याचा आवाज खरोखर मऊ होता, म्हणूनच मला त्याला ग्रेव्हीत बुडवावासा वाटला. "उद्यापासून खुर्चीवर दुसऱ्या कुणाला… म्हणजे तुम्ही वर, आरामात, पहिल्या बाकावर…"

ती मोटारीच्या फळीवर जाऊन बसली. एवढी मोठी बाई, पण तेवढ्यात लहान झाली. चार्लानं कॉफी पुढे केली, ती तिनं घेतली नाही.

"कोडी आला होता," ती म्हणाली, "तेव्हा माझा हात पर्समध्ये होता. मला वाटत होतं माझ्या हातात काहीतरी आहे. मागे दाराआड अकरा पोरं होती, केंडल. अकरा. त्यात तुझी मॅकेना होती." तिनं हातावरचा रुमाल घट्ट केला. "तुझा नियम बरोबर आहे. मी उठते खुर्चीवरून."

आणि ती उठली. पण फळीवरून. आणि तिचा चेहरा बघून मला तिच्या बसमधली माझी तिसरी इयत्ता आठवली.

"पण एकटी नाही उठणार. नियम सगळ्यांना आहे ना? मग आत्ताच्या आत्ता, ज्याच्या कमरेला जे आहे, जसं आहे, तसंच उडवायचं. गाडीतून दुसरा डबा आणायचा नाही. एस्टिल, तू आधी. तू मेंढपाळ आहेस म्हणे."

पास्टर एस्टिलनं कोटाची बटणं लावली. "मिस ओलीटा, आपण प्रार्थना करून…"

"प्रार्थना मागाहून. काढ."

त्यानं काढलं. रिकामं होतं. "माझ्या मिसेसला भीती वाटते. म्हणून मी काडतुसं मोटारीच्या कप्प्यात ठेवतो."

"म्हणजे चर्चमध्ये कुणी घुसलं तर तू त्याला काय म्हणणार? जरा थांब, पार्किंगला जाऊन येतो?"

मी पार्किंगवाला, माझ्याकडे नुसती शिट्टी. मला हसू आवरेना.

पुढचा डेव्हर्ल, आमचा म्हातारा डीकन, म्हणजे चर्चचा कारभारी. त्याच्या चामडी पट्ट्यात ओवलेली काडतुसं कळकून हिरवीगार झाली होती. ती चाकात जाईनात, आणि एक गेलं ते निघेना. मग केंडलचं पिस्तूल. आधुनिक, काळं, वर लाल ठिपका दाखवणारं भिंग बसवलेलं. होबर्टनं त्याच्या नळीतलं काडतूस काढून दुसऱ्या काडतुसाशेजारी धरलं. ते चांगलंच बुटकं होतं. केंडल दर रविवारी दुपारी पिस्तूल रिकामं करायचा आणि पुढच्या रविवारी तेच काडतूस पुन्हा नळीत सोडायचा. प्रत्येक वेळी ठोका बसून गोळी आत आत दबली होती.

"हे उडवू नकोस," होबर्ट म्हणाला. "इतकी दबलेली गोळी उडवलीस तर हातात फुटेल."

 मिस ओलीटा केंडलकडे बघत म्हणाली, "तुम्ही मला दिलेल्याची गोळी पुढे पळते, तुझी मागे लपते. आणि माझी तर झोपलेलीच. शाबास! कुणी आलं असतं तर त्याला आपण सगळ्यांनी मिळून पुडिंग वाढलं असतं!"

मी सांगतो, अशी शरम मी कुणा पथकाच्या तोंडावर कधी पाहिली नाही. तासन्‌तास हीच माणसं फरशी पुसायच्या गाडीशेजारी उभी राहून कुठली गोळी बरी यावर भांडायची. पोकळ टोकाची की भरीव, एवढ्या वजनाची की तेवढ्या. बायबलच्या अर्थावरून आमच्यात इतकं वैर झालं नसेल. आणि खिशातलं काडतूस उडतं की नाही, हे बघायला एकालाही सवड झाली नव्हती.

होबर्टनं डेन्झिलचं रिव्हॉल्व्हर उचललं. रिकामं आहे याची खात्री केली, चाक हलवून पाहिलं, घोडा ओढून सोडला, नळी उजेडात धरली. "यात काही खिळखिळं नाही. पोलाद आहे. आपण सगळे गेल्यावरही हे राहील." मग त्यानं आपल्या ट्रकमधून एक डबा आणला. सपाट तोंडाची शिशाची गोळी, आतली दारू बेताची. कागदावर गोल कातरल्यासारखं भोक पाडणारी, निशाणेबाज वापरतात ती.

मिस ओलीटानं पाच भरली. बांधलेल्या हातानं. पाच बार झाले, गायींनी मानही वर केली नाही. पाचही ताटलीत. त्यातली चार एकाच बशीच्या आकारात.

"झालं!" मी ओरडलो आणि शिट्टीसुद्धा वाजवली.

"थांबा," केंडल म्हणाला. विम्याचा माणूस तो, हार मानता मानताही एक कलम काढणारच. "ही सरावाची गोळी आहे. स्वसंरक्षणाची नाही. नियमावलीत जोरकस, पोकळ टोकाची असं लिहिलंय. हा तर वाढदिवसाचा फटाका झाला."

"पोकळ गोळी लागल्यावर उमलायला हवी ना? त्या एवढ्याशा नळीतून तेवढा वेग कुठून आणणार?" होबर्ट म्हणाला.

"ते काही असो. खुर्चीवर बसायचं तर…"

"केंडल," चार्ला म्हणाली.

ती आतापर्यंत बिस्किटं वाटत होती. तिनं चिमटा खाली ठेवला. चार्ला मऊ आवाजाची बाई, चर्चमध्ये गातानाही शेवटच्या ओळीतच ऐकू येते.

"मागच्या वाढदिवसाला तू मला जे दिलंस ना, ते हेच आहे. असंच. पिसासारखं."

"हो. आणि तुला आवडलं!"

"मी एकदा उडवलं. मनगट दोन आठवडे सुजलं होतं. तुला सांगितलं दारात अडकलं म्हणून. तेव्हापासून ते टॉवेलांच्या खाली आहे."

"पण तू म्हणालीस की…"

"तू इतका खूष होतास रे. काय म्हणणार?" तिनं हात पुसले. "तू नियमावलीत काय हवं ते लिही. पण उद्या त्या खुर्चीवर मिस ओलीटा नसेल तर मॅकेना खाली जाणार नाही. माझ्या मांडीवर बसेल, पहिल्या बाकावर, आणि एस्टिलचं प्रवचन चालू असताना तिला रडू आलं तर मी तिला रडू देईन. आणि मी आत्ता इथून खाली पोरं ठेवणाऱ्या शेल्बीला आणि तिच्या जावेला फोन केला तर त्याही तेच करतील."

पास्टर एस्टिल घाईघाईनं म्हणाला, "माझ्या मते बेताची गोळी ठीक आहे. अगदी बायबलला धरून आहे."

केंडलनं बायकोकडे पाहिलं, मग तिच्या मनगटाकडे.  मग त्यानं होबर्टला विचारलं, "त्या डब्यासारखा अजून एक आहे का?"

"कशाला?"

"विचारतोय. आहे का?"

रविवारी मिस ओलीटा खुर्चीत होती. पाचही काडतुसं नवी, कोरडी, आणि दर वर्षी वसंतात सगळ्यांनी आपापली काडतुसं उडवून बदलायची असा नियम, तिनं स्वतः केंडलकडून लिहवून घेतलेला. त्या रविवारी कर्ण्यातून काय प्रवचन चाललं होतं ते मला आठवत नाही. मी पार्किंग सोडून खाली जिन्यात उभा होतो, कारण तिथे रांग लागली होती. मुलांना सोडायला आलेल्या आया हात पर्समध्ये घालून एकेक करून तिच्या कानाशी वाकत होत्या.

"मिस ओलीटा, ह्यांनी मलाही एक दिलंय. हलकंसं."

"मलाही. नाताळला."

"माझ्या सासऱ्यांनी दिलं. गुलाबी मुठीचं."

मिस ओलीटाचा राग तोवर उतरला नव्हता. अजूनही उतरलेला नाही, आणि उतरूही नये.

"शनिवारी होबर्टच्या कुरणात घेऊन या," ती प्रत्येकीला सांगत होती. "आणि नवऱ्यांनाही आणा. पहिले पाच बार त्यांनी करायचे."